चार वाजून बारा मिनिटं

नमस्कार मंडळी.

गेल्या रविवारी आपल्या ठाण्यात एका पक्षाचं महिला अधिवेशन झालं. मी गेले होते. पक्षाचं नाव सांगत नाही, आणि ज्या बाईंचं भाषण ऐकायला गेलो त्यांचंही नाव घेत नाही. मला बोलायचं आहे ते भाषणाबद्दल, आणि तसं भाषण मी याआधी दुसऱ्या पक्षांच्या मांडवातही ऐकलेलं आहे. मी कुठल्याच पक्षाची सभासद नाही. मतदार आहे. 1996 साली लग्न होऊन कळव्याला आले, तेव्हापासून एकही मतदान चुकवलेलं नाही. थोरल्याच्या वेळी आठवा महिना चालू होता, तरी रांगेत उभी होते.

आमच्या इमारतीतून आम्ही एकवीस जणी बसने गेलो. गुलाबी साडी नेसून या, असा निरोप होता. हा निरोप मला पटत नाही, इथे बोलून टाकते. फोटो छान येतो, मान्य. पण प्रत्येकीकडे गुलाबी साडी असतेच असं नाही. आमच्या मजल्यावरच्या एका सुनेने शेजारणीची मागून आणली आणि दिवसभर त्या साडीवर चहा सांडू नये म्हणून जीव मुठीत धरून बसली होती. भाषण ऐकायला आलेल्या बाईला तिच्या साडीत येऊ द्यावं.

माझ्याबरोबर शेजारच्या काकू होत्या. काकूंचं वय 68, साखरेचा त्रास आहे. या काकूंना लक्षात ठेवा, त्या पुढे पुन्हा येणार आहेत.

वेळ साडेदहाची होती, बाई आल्या सव्वा वाजता. तोवर स्वागतगीत झालं, सत्कार झाले, शाल-श्रीफळ झालं, पुष्पगुच्छ झाले. सत्काराला रोप द्यावं किंवा वही द्यावी, हे मी किती वर्षं सांगते आहे. पहाटे दादरच्या फुलबाजारातून आणलेली ती फुलं संध्याकाळी मंडपवाल्याच्या झाडूखाली जातात. असो.

तर बाई उभ्या राहिल्या. एक गोष्ट आधी सांगते, बाई बोलतात फार छान. हातात कागद नाही, आवाज खणखणीत, कुठे थांबायचं ते बरोबर कळतं. पहाटे पाचला उठून घरातल्यांचे डबे केल्याशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकत नाही, असं त्यांनी सांगितलं. आईने फीसाठी बांगड्या गहाण ठेवल्या तो प्रसंग सांगितला. त्या वेळी माझे डोळे भरून आले, कारण माझ्या आईनेही पाटल्या ठेवल्या होत्या. जिजाऊ, सावित्रीबाई, अहिल्यादेवी यांची नावं झाली. लाडक्या बहिणींचे पंधराशे झाले. विरोधकांचा समाचार झाला. आणि दर थोड्या वेळाने एक वाक्य परत परत येत होतं, की मी नेता वगैरे कुणी नाही, मी तुमच्यासारखीच एक बाई आहे. प्रत्येक वेळी टाळ्या.

भाषण ऐन रंगात आलं आणि काकूंना उठावं लागलं. मांडवामागे दोन फिरती शौचालयं होती. बायका असतील हजारभर. काकू गेल्या त्या वीस मिनिटांनी परत आल्या, खुर्चीवर टेकल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पाण्याचं काही बोलल्या का गं?"

मी म्हटलं, "अजून नाही, काकू."

पन्नास मिनिटं भाषण झालं. पन्नास मिनिटं. भाषणाला जाताना मी पिशवीत छोटी वही ठेवते, जुनी सवय आहे. घरी येऊन वही उघडली, तर पान कोरं होतं. ऐकताना कंटाळा आला नव्हता. पण लिहून ठेवावं असं काही मिळालंच नव्हतं. तारीख नाही, आकडा नाही, एकाही कामाचं नाव नाही.

खरं तर बोलायला काय नव्हतं? संसदेत आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा बायकांना देण्याचा कायदा सप्टेंबर 2023 मध्ये झाला, पण जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना होईपर्यंत तो लागू होत नाही. 2024 ला आपल्या विधानसभेत 288 जागांवर 21 बायका निवडून आल्या. 1960 पासून महाराष्ट्राला एकही महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. पुढच्या वेळी आमचा पक्ष किती बायकांना तिकीट देणार, एवढं एक वाक्य महिला अधिवेशनात बोलायला काय हरकत होती? नवी मुंबई पालिकेची मुदत 2020 मध्ये संपली, ठाण्याची मार्च 2022 मध्ये. त्यानंतर जानेवारी 2026 ची निवडणूक होईपर्यंत वर्षानुवर्षं प्रशासक. गटार तुंबलं तर जायचं कुणाकडे, नगरसेवकच नव्हता. त्यावर एक शब्द नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर लोकलच्या दारातली माणसं खाली पडली, जीव गेले. त्या मांडवातल्या निम्म्या बायका रोज त्याच वळणावरून कामाला जातात. त्यावर एक शब्द नाही.

आणि पाणी. आपल्याच जिल्ह्यात भातसा, तानसा ही धरणं, आपल्याच जिल्ह्यातून मुंबईला पाणी जातं, आणि शहापूरच्या वाड्यापाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. धरण उशाला आणि कोरड घशाला. नवी मुंबईने मोरबे धरण घेतलं, त्यांचं त्यांना पुरतं तरी. ठाणे शहराला स्वतःचं धरण नाही. शाई धरणाचं नाव ऐकता ऐकता माझे केस पांढरे झाले. कधी होणार, होणार नसेल तर दुसरं काय करणार, हे सांगायला ठाण्यातल्या मांडवापेक्षा चांगली जागा कुठली?

पंधराशेबद्दलही सांगते. त्या पैशांना कुणी नाव ठेवलेलं मला चालत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्या पैशातून येतात. पण भाऊबीज घातल्यासारखं ते वारंवार सांगायचं आणि बहिणीला प्रश्न विचारायला उसंत द्यायची नाही, हे मला खटकतं. सरकारचा पैसा आमच्याच करातून येतो. मिठाच्या पुडीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत आम्ही कशाकशाचे पैसे भरतो, ते आम्हाला ठाऊक आहे.

मी तुमच्यासारखीच, असं बाई म्हणत होत्या. माझ्यासारखी बाई माझ्या घरी आहेच. तिथे स्टेजवर मला माझी बाजू घेऊन भांडणारी हवी होती.

सावित्रीबाईंचं नाव घेतलं, आनंद आहे. पण मृणालताई गोऱ्यांचं नाव आजकालच्या भाषणांत का येत नाही? गोरेगावात पाण्यासाठी झगडल्या म्हणून लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणायचे. 1972 साली त्या आणि अहिल्याताई रांगणेकर मुंबईच्या बायकांना लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर घेऊन आल्या. 1977 ला मृणालताई लोकसभेत गेल्या. बाईच्या घरातलं लाटणं त्यांनीही भाषणात आणलं, पण ते मोर्चात वाजवायला आणलं.

बरं. आता मी तुम्हाला एक दुसरं भाषण ऐकवते. माझ्या आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात चांगलं भाषण. ओळखीपाळखीतल्या बऱ्याच जणांनी हे माझ्याकडून ऐकलंय, पण रेडिओवर आज पहिल्यांदाच सांगते आहे, आणि रेडिओवरच ते सांगायला हवं. का, ते पुढे कळेल.

1997 साल. आम्ही तेव्हा पारसिकच्या डोंगरउतारावर चाळीत राहत होतो. पाच गल्ल्या, एकीवर एक. आमची सगळ्यात वरची. आमच्या गल्लीत चौदा घरं आणि एक नळ. पाणी पहाटे यायचं. कधी चारला, कधी साडेचारला, कधी येतच नसे. सासूबाई साडेतीनला उठून हंडा रांगेत लावायच्या आणि मला म्हणायच्या, तू झोप अजून. मी नवीन होते, झोप कसली लागते!

त्याच वर्षी आमच्या वॉर्डातून एक बाई निवडून आल्या. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला होता. 74 व्या घटनादुरुस्तीने पालिकांमध्ये बायकांना एक तृतीयांश जागा आल्या, पुढे 2011 ला महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. तर या बाई. गिरणीतल्या, कंपनीतल्या कामगारांचे डबे करून द्यायच्या. शिक्षण पाचवीपर्यंत. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. प्रचारात भाषणं त्यांच्या यजमानांनी केली, मावशी शेजारी हात जोडून उभ्या. लोक म्हणायचे, बाई नावाला, कारभार नवऱ्याचा. मीसुद्धा तसंच धरून चालले होते.

मार्गशीर्ष लागायच्या सुमाराला वरच्या गल्लीतल्या आम्ही सात-आठ जणी मावशींच्या घरी गेलो. त्या भाकऱ्या थापत होत्या. आम्ही म्हटलं, मावशी, वरती पाणीच येत नाही. त्या म्हणाल्या, येतच नाही, की कमी येतं? आम्ही म्हटलं, कमी येतं. किती कमी? आता काय सांगणार? एक म्हणाली अर्धा तास, दुसरी म्हणाली छे, दहा मिनिटं. मावशींनी भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि म्हणाल्या, "मी ऑफिसात गेले की ते विचारतात किती, आणि मला सांगता येत नाही. मला किती ते आणून द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाच वह्या आणल्या. शंभर पानी, साध्या. प्रत्येक गल्लीला एक. वहीला सुतळीने पेन्सिल बांधलेली, हरवू नये म्हणून. रकाने त्यांनीच आखून दिले होते: वार, पाणी आलं, पाणी गेलं, हंडे. चार रकाने. आमच्या गल्लीची वही माझ्याकडे आली, कारण मी दहावी झालेली. खालच्या गल्लीची वही कुणाकडे गेली माहीत आहे? या काकूंकडे. रविवारी माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्याच काकू.

आठवडाभराने मावशींनी वह्या ताडून पाहिल्या आणि घोळ लक्षात आला. आमच्या वहीत पाणी आलं चार वाजून पाच मिनिटांनी आणि खालच्या गल्लीत त्याच दिवशी आलं चार वाजून दहा मिनिटांनी. पाणी आधी डोंगरावर चढलं आणि मग खाली उतरलं की काय? मावशी खालच्या गल्लीत काकूंच्या घरी गेल्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, ते सात मिनिटं पुढेच ठेवते मी, तुमच्या भावजींची गाडी चुकायला नको म्हणून. मग कळलं, पाच घरांत पाच वेळा होत्या.

मावशींनी काय केलं सांगू? आमच्या घरात रेडिओ होता. त्या म्हणाल्या, उद्या सकाळच्या बातम्यांच्या आधी जे ठोके वाजतात, पिप पिप पिप, त्या शेवटच्या ठोक्याला पाचही घरांनी घड्याळ लावायचं. ज्यांच्याकडे रेडिओ नाही त्यांनी गजराचं घड्याळ घेऊन शेजाऱ्याच्या दारात उभं राहायचं. आणि दर सोमवारी लावायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात तीन बायका घड्याळं छातीशी धरून उभ्या होत्या. शेवटचा ठोका पडला, सगळ्यांच्या माना खाली, चाव्या फिरल्या. डोंगरावरच्या पाच गल्ल्यांची वेळ एक झाली, ती रेडिओमुळे. म्हणून म्हटलं, हे रेडिओवरच सांगायला हवं.

संक्रांतीपर्यंत आम्ही लिहिलं. कडाक्याची थंडी, बोटं गारठलेली. एका हाताने हंडा सरकवायचा, दुसऱ्याने कंदिलाच्या उजेडात वहीत लिहायचं. तारीख चुकली तर खोडायचं नाही, वर लिहायचं, असा मावशींचा दंडक होता. खोडलेलं ऑफिसात कुणी मानत नाही म्हणायच्या.

1998 च्या फेब्रुवारीत लोकसभेची निवडणूक होती. त्यामुळे जानेवारीत संक्रांतीचं मोठं हळदीकुंकू ठेवलं होतं, पक्षाचे मोठे पाहुणे आले होते, पाण्याच्या ऑफिसातले साहेबही बोलावले होते. वाण म्हणून स्टीलची वाटी होती. मावशींना बोलायला दोन मिनिटं दिली होती. त्या उठल्या तसे यजमानही उठले, सवयीने माइकपाशी गेले. मावशी त्यांना हळूच म्हणाल्या, पण माइक चालू होता म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं: "तुम्ही बसा, हे माझं अक्षर आहे, तुम्हाला लागायचं नाही."

चष्मा लावला. वही उघडली. नमस्कार नाही, व्यासपीठावरील मान्यवर नाही. वाचायला सुरुवात केली.

"वरची गल्ली. सोमवार. आलं चार वाजून बारा मिनिटं. गेलं चार वाजून चोवीस मिनिटं. हंडे नऊ. घरं चौदा."

"खालची गल्ली. सोमवार. आलं चार वाजता. गेलं चार पंचावन्नला. हंडे मोजले नाहीत, सगळ्यांचे भरले."

"वरची गल्ली. मंगळवार. आलं नाही."

"वरची गल्ली. बुधवार. आलं चार वाजून दहा मिनिटं. गेलं चार वाजून एकवीस. हंडे आठ. घरं चौदा."

सुरुवातीला पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मावशी थांबल्या नाहीत. एकाच सुरात, बोट ओळीवरून सरकवत वाचत राहिल्या. चौथ्या-पाचव्या दिवसापासून आमच्या गल्लीतल्या बायका मागून म्हणायला लागल्या, "बरोबर." त्या वाचायच्या, हंडे आठ, घरं चौदा. आम्ही म्हणायचो, बरोबर. मंगळवार, आलं नाही. बरोबर. मग खालच्या गल्लीची वही वाचली, तेव्हा काकू उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "बरोबर. आम्हाला पुरतं, वरती जात नाही." स्वतःला भरपूर पाणी असलेली बाई उभी राहून हे बोलली, हे मी कधी विसरणार नाही.

दोन मिनिटांची पंधरा मिनिटं झाली. मोठे पाहुणे घड्याळ बघत होते, पण कुणाची अडवायची हिंमत झाली नाही. शेवटी मावशींनी साहेबांकडे वळून विचारलं, "मंगळवारी चावी कोण फिरवतं? आणि कुठल्या तारखेपासून बदलाल?" साहेब म्हणाले, बघतो. मावशी म्हणाल्या, "तारीख सांगा, मला लिहायची आहे." साहेबांनी तारीख दिली. मावशींनी तिथेच, माइकपुढे, ती वहीत लिहिली आणि जाऊन बसल्या.

महिन्याभरात चावीवाल्याची वेळ बदलली, दोन व्हॉल्व्ह बदलले. वरच्या गल्लीला पस्तीस मिनिटं पाणी यायला लागलं. पंचावन्न कधीच झाली नाहीत. पण पस्तीस मिनिटांत चौदा घरांचे हंडे भरतात. सासूबाई साडेतीनऐवजी पावणेपाचला उठायला लागल्या. बाईला सव्वा तास जास्त झोप मिळाली. ती झोप मी मोजलेली आहे.

2002 ला वॉर्डाचं आरक्षण बदललं, मावशींना तिकीट मिळालं नाही. बाई काम शिकते, अधिकाऱ्यांशी बोलायला शिकते, आणि पाच वर्षांनी सोडतीत वॉर्ड फिरतो, की ती घरी. हे फिरतं आरक्षण निदान दोन मुदतींचं असावं, असं माझं ठाम मत आहे. अधिवेशनात यावरही कुणी बोलू शकलं असतं. मावशी पुन्हा डबे करायला लागल्या. आता त्या नाहीत.

रविवारी परत येताना बस कळवा नाक्यापाशी अडकली. काकू खिडकीपाशी होत्या. त्यांनी पुन्हा विचारलं, "शेवटी तरी बोलल्या का पाण्याचं?" शेवटी त्या जागेवरच होत्या, त्यांनी ऐकलं होतं सगळं. तरी विचारलं. मी म्हटलं, नाही काकू. थोडा वेळ गेला आणि काकू म्हणाल्या, "वही आहे ना गं तुझ्याकडे?"

आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत, सासूबाईंच्या शालूखाली. घरी आल्यावर काढली. पानं पिवळी पडलीत, कडांना पाण्याचे डाग, एका पानावर हळदीचं बोट उमटलेलं, स्वयंपाक अर्धा टाकून धावले असणार. सुतळी आहे, पेन्सिल नाही. एका मंगळवारपुढे माझ्या अक्षरात लिहिलंय: आलं नाही. सव्वापाचपर्यंत वाट पाहिली.

आता आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. उद्वाहक आहे, घरात तीन नळ आहेत. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढतं तेव्हा चढतं, उन्हाळ्यात टँकर येतो, पैसे आम्ही भरतो. त्या बाई पुढच्या महिन्यात आमच्या भागात येणार आहेत, हळदीकुंकवाला. निरोप आला आहे. या वेळी जांभळी साडी.

सोमवारी मी नाक्यावरून शंभर पानी वही आणली. काकूंनी चार रकाने आखले. हंड्यांऐवजी टँकर लिहिलं, बाकी तेच. घड्याळ रेडिओवर लावलं.

सोमवार. आलं सहा वाजून पाच मिनिटं. गेलं सहा पंचवीस. टँकर एक.

मंगळवार. आलं सहा वाजून अकरा. गेलं सहा वाजून तेवीस. टँकर दोन.

बुधवारचं पान काकूंनी लिहिलं आहे, त्यांचं अक्षर अजून तसंच आहे, मोठं, ठळक, ओळीच्या जरा वर. आलं नाही.

नमस्कार.